पिंक फ्लॉइड प्रॉग आहे का? वादाआधी थोडं ऐकणं

फेब्रुवारी १९८९मध्ये लॉस एंजेलिसला ग्रॅमीचा सोहळा झाला. हार्ड रॉक आणि मेटल यांना मिळून त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतंत्र पुरस्कार ठेवला होता. मेटालिकाने त्याच मंचावर आपलं गाणं वाजवलं होतं आणि पुरस्कार त्यांनाच जाणार हे जवळपास सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पाकीट उघडलं तर नाव निघालं जेथ्रो टलचं. एका पायावर उभा राहून बासरी वाजवणाऱ्या इयन अँडरसनचा तो इंग्लिश बँड. आपल्याला काही मिळायचं नाही असं धरून बँडमधलं कोणी सोहळ्याला आलंही नव्हतं. मेटलच्या चाहत्यांचा राग कित्येक वर्षं टिकला. पुढच्या वर्षीपासून ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटल असे दोन वेगळे पुरस्कार केले.

जेथ्रो टल मेटल नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मग हा बँड कोणता म्हणायचा? बहुतेक जाणकार सांगतील, प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे रॉकला लांब पल्ल्याच्या, गुंतागुंतीच्या रचनांकडे नेणारी शैली. रोजच्या बोलण्यात प्रॉग. पण इथेही घोडं अडतं. १९७१ साली त्यांचा 'अ‍ॅक्वालंग' आला तेव्हा समीक्षकांनी त्याला 'कन्सेप्ट अल्बम' म्हटलं, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेली गाणी. अँडरसन परोपरीने सांगत राहिला की असं काही नाही. शेवटी १९७२मध्ये त्याने 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' काढला. तबकडीच्या दोन्ही बाजू भरून एकच गाणं, शब्द म्हणे जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या लहान मुलाच्या बक्षीसपात्र कवितेचे, आणि वेष्टन म्हणजे पानंच्या पानं भरलेलं एक अख्खं खोटं वर्तमानपत्र. मुलगा काल्पनिक होता. त्या काळच्या प्रॉग बँडांच्या भव्यतेची ती नक्कल होती, हे अँडरसनने पुढे वारंवार सांगितलं आहे. हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि आज प्रॉगमधल्या उत्तम अल्बमांची कोणतीही यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

म्हणजे प्रॉगची थट्टा म्हणून केलेलं काम प्रॉगचा नमुना ठरलं. कोणता बँड प्रॉग आणि कोणता नाही, यावर चाहते पन्नास वर्षं भांडत आहेत ते उगीच नाही. मला हा वाद आवडतो. तो नीट घातला तर कान तयार होतात. मात्र तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो.

ज्यांच्याबद्दल वाद नाही

आधी पक्की जमीन पाहू. ऑक्टोबर १९६९मध्ये लंडनच्या किंग क्रिमझनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग' आला. त्याआधी १९६७मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर', मूडी ब्लूजचा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' आणि प्रोकोल हॅरमचं बाखच्या वळणाचं ऑर्गन असलेलं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' येऊन गेलं होतं. रॉकने वाद्यवृंदाकडे आणि लांब पल्ल्याच्या रचनेकडे पाहायला सुरुवात केली होती. पण किंग क्रिमझनने सगळे धागे एका ठिकाणी आणले. पहिल्याच गाण्याच्या मधल्या भागात गिटार, सॅक्सोफोन आणि ड्रम एकाच क्षणी सुटतात, एकाच क्षणी थांबतात, आणि त्या थांबण्यातल्या शांततेलासुद्धा मापून दिलेल्या मात्रा आहेत.

पुढच्या पाच-सहा वर्षांत येस, जेनेसिस, एमर्सन लेक अँड पामर, व्हॅन डर ग्राफ जनरेटर, जेंटल जायंट हे बँड बहरले. १९६९ ते १९७५चं इंग्लंड आणि ही नावं, इथे कोणी भांडत नाही.

हे तिथेच आणि तेव्हाच का झालं, याची कारणं बरीचशी रोखठोक आहेत. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत बसायचं. तरुणांनी सुट्या गाण्याऐवजी अख्खी तबकडी विकत घ्यायला सुरुवात केल्यावर संगीतकारांना ती वीस मिनिटं मोकळं मैदान म्हणून मिळाली. येसचं 'क्लोज टू द एज' १८ मिनिटांवर, जेनेसिसचं 'सपर्स रेडी' जवळपास २३ मिनिटं, पिंक फ्लॉइडचं 'एकोज'ही तेवढंच; हे आकडे तबकडीच्या मापाने ठरले. मोठ्या कंपन्यांनी अशा संगीतासाठी वेगळ्या शाखा उघडल्या होत्या: ईएमआयची हार्वेस्ट, फिलिप्सची व्हर्टिगो. टोनी स्ट्रॅटन-स्मिथची करिझ्मा ही स्वतंत्र कंपनी जेनेसिस आणि व्हॅन डर ग्राफ यांच्या पाठीशी उभी राहिली. ब्रिटिश विद्यापीठांमधल्या विद्यार्थी संघटना या बँडांना बोलवायच्या, आणि तिथे खाली बसून ऐकणारा श्रोता मिळायचा. शिवाय यातले बरेच वादक चर्चमधली स्तोत्रं आणि शाळेतला पियानो यांवर वाढलेले होते. जेनेसिस तर चार्टरहाउस या निवासी शाळेतच जन्मला. येसचा रिक वेकमन रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकत होता. स्टुडिओतली कामं वाढली तसं त्याने ते सोडलं.

आणि एक वाद्य होतं, मेलोट्रॉन. दिसायला कीबोर्ड, पण आत प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एक तुकडा, आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनांचा किंवा बासरीचा एकेक सूर ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप चालू लागते. साधारण आठ सेकंदांनी टेप संपते आणि सूर तुटतो. मग पट्टी सोडायची, स्प्रिंगने टेप मागे जाते, पुन्हा दाबायची. त्यामुळे वादकाला सूर फार वेळ धरून ठेवता येत नाही, तो सतत बदलत राहावा लागतो. टेपच्या जुनेपणाने आवाजही जरा कापरा येतो. किंग क्रिमझनच्या त्या पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीतात जी ढगांसारखी दाटून येणारी तंतुवाद्यं ऐकू येतात, ती हीच. पन्नास वर्षांनंतर एखाद्या नव्या बँडने तो कापरा आवाज वापरला की चाहते लगेच म्हणतात, 'हे प्रॉग'. वादाची पहिली गफलत इथेच होते.

एकच खूण पुरत नाही

प्रॉग ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या जातात, त्यांतली एकही एकटी टिकत नाही. लांबी घ्या. जर्मनीच्या कॅन या बँडचं १९७१चं 'हालेलूवा' १८ मिनिटांचं आहे, पण ते एकाच ठेक्यावर उभं आहे आणि याकी लीबेत्साइट तो ठेका हलू देत नाही. त्यातली सगळी गंमत त्या न हलण्यातच आहे. ग्रेटफुल डेडचं 'डार्क स्टार' १९६९च्या ध्वनिमुद्रणात २३ मिनिटं चालतं, ते ऐन वेळच्या सुचण्यावर. उलट जेंटल जायंटचं 'नॉट्स' चार-सव्वाचार मिनिटांचं आहे आणि त्यात चार गळे एकमेकांत असे विणलेले आहेत की एकाने उच्चारलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी पुरं होतं. त्याला प्रॉग न म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

कन्सेप्ट अल्बम? द हूचा 'टॉमी' १९६९चा. त्यात सलग कथा आहे, पण तो रॉक ऑपेरा. प्रॉग म्हणून त्याची ओळख नाही. वाद्यवृंद? डीप पर्पलने त्याच वर्षी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकला सोबत घेऊन कन्चेर्टो सादर केला आणि पुढे हार्ड रॉकचा आधारस्तंभ झाला. कीबोर्डचे ढीग? कॅनडाचा रश हा मुळात गिटार, बेस आणि ड्रम एवढ्यांचाच तिघांचा संसार.

विषम तालाचा मुद्दा जरा थांबून पाहावा असा आहे, कारण आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला तो लवकर कळतो. रॉकचं बहुतेक संगीत चारच्या पटीत चालतं. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सुरू होतं ते नाण्यांची खळखळ, कागद फाटण्याचा आवाज, गल्ल्याची घंटा अशा सात आवाजांच्या फिरत्या साखळीने. तिच्याबरोबर टाळी देत मोजून पाहा, सात मात्रा येतात. आपल्या रूपक तालाच्या सात मात्रांची आठवण होते, फक्त रूपकाचे ३-२-२ असे खंड इथे शोधू नका. डिक पॅरीचा सॅक्सोफोन याच सात मात्रांवर वाजतो. मग गिटारचा तुकडा येतो आणि ताल साधा चारचा होतो. गिटार एकदम मोकळी पळू लागते. ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी पायांना कळतं. शेवटी गाणं पुन्हा सातावर येतं. सुंदर बांधणी आहे. पण सात मात्रा म्हणजे प्रॉग असं ठरवलं तर पीटर गेब्रिएलचं १९७७चं 'सॉल्सबरी हिल' हे लोकप्रिय गाणंही त्यात येईल, बीटल्सचं 'ऑल यू नीड इज लव्ह'ही येईल, आणि डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीचं पाच मात्रांचं 'टेक फाइव्ह' तर १९५९चं, जॅझ.

माणसांवरून ठरवावं म्हटलं तरी फसगत होते. १९८२मध्ये एशिया नावाचा बँड आला. त्यात येसचा स्टीव्ह हाउ, किंग क्रिमझनचा जॉन वेटन, एमर्सन लेक अँड पामरमधला कार्ल पामर आणि येसमध्येही वाजवून आलेला जेफ डाउन्स. कुळी याहून शुद्ध कुठली असणार! पण 'हीट ऑफ द मोमेंट' हे त्यांचं गाजलेलं गाणं मुखडा-अंतऱ्याचं, रेडिओसाठी घडवलेलं पॉप-रॉक आहे. चांगलंही आहे. प्रॉग नाही.

एका नावाखाली दोन प्रश्न

माझ्या मते वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. पहिला असा, की हे संगीत १९७२ सालच्या येस-जेनेसिससारखं वाजतं का? दुसरा असा, की हा बँड रॉकला पूर्वी कधी न गेलेल्या ठिकाणी नेतो आहे का? पहिल्याचं उत्तर आवाजात सापडतं, दुसऱ्याचं वृत्तीत. १९७२मध्ये दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच यायचं, म्हणून तेव्हा भांडण नव्हतं. नंतर ते फाटले.

१९८१चा किंग क्रिमझन घ्या. रॉबर्ट फ्रिपने १९७४मध्ये बँड बंद केला होता. सात वर्षांनी तो 'डिसिप्लिन' घेऊन परतला तेव्हा मेलोट्रॉन गायब होतं, राजे-दरबार गायब होते. उरल्या होत्या दोन गिटार, फ्रिप आणि एड्रियन बिल्यू यांच्या, इंडोनेशियाच्या गामेलान वाद्यवृंदासारख्या एकमेकींत अडकलेल्या. त्यातलं 'फ्रेम बाय फ्रेम' ऐका. दोघे एकच आकृती वाजवत असतात, मग एक जण आपल्या आवर्तनातून एक सूर गाळतो. दोन्ही गिटार हळूहळू एकमेकींपासून सरकत जातात, दोघींमधून तिसरीच काही आकृती ऐकू येऊ लागते, आणि ठरलेल्या आवर्तनांनंतर दोन्ही पुन्हा समेवर भेटतात. १९७२शी या आवाजाचं काही नातं नाही. पण पुढे पाऊल टाकण्याची वृत्ती शंभर टक्के तीच.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये मरिलियन उभा राहिला. १९८२चं त्यांचं 'ग्रेंडल' सतरा मिनिटांचं आहे आणि त्याच्या शेवटच्या भागात 'सपर्स रेडी'ची छाया उघड दिसते. गायक फिश चेहरा रंगवून यायचा, जेनेसिसचा गायक गेब्रिएल यायचा तसा. या पिढीला निओ-प्रॉग म्हणतात. पहिल्या प्रश्नाला मरिलियनचं उत्तर ठाम 'हो', दुसऱ्याला निदान सुरुवातीला 'नाही'. १९८५च्या 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड'पर्यंत त्यांनी स्वतःचा आवाज कमावला होता, हेही सांगायला हवं. चाहते एकमेकांवर ओरडतात तेव्हा बहुधा एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा दुसऱ्या.

मी स्वतः तिसरी कसोटी लावतो, आणि ती बँडला न लावता एकेका रचनेला लावतो. सुरुवातीला ऐकलेली धून शेवटी परत येते का, आणि येताना ती बदललेली असते का? मुखडा तर प्रत्येक गाण्यात परत येतो, पण होता तसाच येतो. प्रॉगची खरी कमाई ही की मधल्या प्रवासाचा परिणाम धुनेवर झालेला ऐकू येतो.

'सपर्स रेडी' याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. १९७२च्या 'फॉक्सट्रॉट'मध्ये ते आहे. सुरुवात अगदी घरगुती: गिटारच्या तारांची नाजूक विण, एक माणूस, त्याची प्रेयसी, दिवाणखाना. मग सात भागांत युद्ध, विदूषकी, बायबलमधली जगबुडी असं सगळं येऊन जातं. सहाव्या भागात नऊ मात्रांचा अडखळता ठोका सुरू होतो आणि त्यावर टोनी बँक्सचा ऑर्गन. मजा अशी की बँक्स त्या ठोक्याला फारसा जुमानत नाही. खाली ड्रम आणि बेस नऊ-नऊ मोजत असतात आणि वर ऑर्गन आपली वाक्यं आपल्याच मापाने बोलत राहतो. ताण इतका वाढतो की आता हे तुटणार असं वाटतं. नेमकं तिथेच सुरुवातीच्या दिवाणखान्यातली धून परत येते. सूर तेच, पण आता खाली मेलोट्रॉन आणि ढोलांचा गडगडाट, आणि गेब्रिएल तीच ओळ जिवाच्या आकांताने म्हणतो. वीस मिनिटं ऐकून आलेल्यालाच त्या क्षणाचं मोल कळतं. रेडिओसाठी तेवढाच तुकडा कापून काढला तर तो निव्वळ गोंगाट वाटेल.

'क्लोज टू द एज'मध्येही हेच, वेगळ्या रीतीने. येसचा गायक जॉन अँडरसन याने त्याची प्रेरणा हेर्मान हेसेच्या 'सिद्धार्थ'वरून घेतली. पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज, मग गिटारचा जवळजवळ बेशिस्त वाटणारा भडिमार, त्यातून वर येणारी एक धून, आणि पुढे तीच धून कधी द्रुत, कधी दुसऱ्याच रंगात. मध्ये सगळं थांबून पाइप ऑर्गन घुमतो. ड्रमवादक बिल ब्रुफर्ड हा अल्बम ध्वनिमुद्रित करून येस सोडून किंग क्रिमझनमध्ये गेला. याहून पुढे या वाटेने जाता येणार नाही असं त्याला वाटलं होतं. पुढच्याच वर्षीचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' पाहता त्याच्या वाटण्यात तथ्य होतं. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं यांचा उल्लेख अँडरसनच्या वाचनात आला, आणि त्या चार प्रकारच्या शास्त्रांवर चार गाणी, दोन तबकड्यांच्या चार बाजू भरून, त्याने बेतली. आपल्या मातीतलं बीज म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण माझ्या कसोटीवर तो अर्धाच उतरतो. धुना परत येतात, मात्र मधल्या मैलांनी त्यांना फारसं काही केलेलं नसतं. वेकमनलाही हा अल्बम पटला नव्हता आणि १९७४मध्ये तो बाहेर पडला.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही, हे मान्य करायला हवं. १९७३-७४च्या किंग क्रिमझनचं बरंचसं संगीत मंचावर तिथल्या तिथे सुचलेलं आहे. 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'मधला मोठा भाग प्रत्यक्ष कार्यक्रमांतून घेतलेला आहे. तिथे परत येणारी धून शोधत बसलो तर हाती काही लागणार नाही, आणि तरी ते संगीत प्रॉगच्या परिघाबाहेर टाकायची माझी हिंमत नाही.

सीमेवरचे

पिंक फ्लॉइडचा वाद सर्वांत जुना. विरोधक म्हणतात, हे वादक काही बोटांचे जादूगार नव्हते, चाल संथ, सूर साधे, मूळ सगळं सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारखं. खरं आहे. पण 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' डेव्हिड गिलमोरच्या गिटारवरच्या चार सुरांच्या एका वाक्यातून उगवतं, दोन तुकड्यांत विभागून १९७५च्या अख्ख्या अल्बमला दोन्ही बाजूंनी कवेत घेतं आणि मिळून पंचवीस मिनिटांच्या पुढे जातं. वाद्यकौशल्याच्या प्रदर्शनाशिवाय लांब रचना कशी पेलायची, हे त्यांच्याइतकं कोणी दाखवलेलं नाही. म्हणून माझ्या लेखी १९७०च्या 'अ‍ॅटम हार्ट मदर'पासून १९७७च्या 'अ‍ॅनिमल्स'पर्यंतचा पिंक फ्लॉइड प्रॉग आहे. सुरुवातीचा गायक सिड बॅरेट याच्या काळातला सायकेडेलिक पॉप, आणि १९७९चा 'द वॉल' रंगभूमीच्या जवळचा.

रशबद्दल मी जास्त बोलणार नाही. '२११२'च्या वीस मिनिटांपासून १९८१च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'पर्यंत ते हार्ड रॉकही आहेत आणि प्रॉगही, यात मला विसंगती दिसत नाही. त्यांच्या 'वायवायझेड'चा ठोका टोरांटो विमानतळाच्या सांकेतिक अक्षरांच्या मोर्स कोडमधून काढलेला आहे, आणि तो पाच मात्रांत बसतो.

युरोपकडे मात्र इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांचं दुर्लक्ष होतं, ते खटकतं. इटलीत या संगीतावर लोकांनी इंग्लंडहून जास्त जीव टाकला. व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'पॉन हार्ट्स' मायदेशात पडला आणि इटलीत पहिल्या क्रमांकावर गेला. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, बांको देल मूतुओ सोकोर्सो, ले ओर्मे हे तिथले बँड. त्यांना 'इंग्लिश प्रॉगचे अनुयायी' म्हणणं अन्यायाचं आहे, कारण त्यांच्या अंगात इटालियन ऑपेराची गाण्याची रीत मुरलेली आहे. फ्रान्सच्या माग्मात क्रिस्तियाँ वांदेर याने कोबाइयन नावाची अख्खी भाषा रचली आणि त्या भाषेत गाणी केली. आवाजाने माग्मा येस-जेनेसिससारखा अजिबात नाही. वृत्तीने तो त्यांच्याहून चार पावलं पुढे आहे.

महाविष्णू ऑर्केस्ट्राचा प्रश्न आपल्या जास्त जवळचा. जॉन मॅकलॉफ्लिनने १९७१मध्ये उभा केलेला हा बँड. विषम ताल, व्हायोलिन, प्रचंड वेग. प्रॉगच्या चाहत्यांनी त्याला आपलं मानलं, जॅझवाल्यांनीही. मी त्याला जॅझ-रॉकमध्येच ठेवेन, कारण त्याचा गाभा एकेका वादकाच्या उत्स्फूर्त वादनात आणि एकमेकांना दिलेल्या सवाल-जवाबात आहे. मॅकलॉफ्लिनची पुढची पावलं तेच सांगतात: लवकरच तो मुंबईच्या झाकिर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' या बँडमध्ये बसला आणि विजेवरची गिटार खाली ठेवली.

१९७७च्या सुमाराला पंकने, म्हणजे छोट्या, साध्या, रागीट गाण्यांच्या रॉकने, प्रॉगला संपवलं असं सरसकट सांगितलं जातं. त्याच वर्षी येसचा 'गोइंग फॉर द वन' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता आणि एमर्सन लेक अँड पामरचं 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' दुसऱ्या. श्रोता हटला नव्हता. हटले ते समीक्षक आणि कंपन्या, आणि खुद्द बँडही छोट्या गाण्यांकडे वळले.

नव्यांपैकी ड्रीम थिएटर आणि टूल यांच्यावर रण माजतं. ड्रीम थिएटरचं १९९२चं 'इमेजेस अँड वर्ड्स' मेटलच्या वजनाने प्रॉगची रचना उचलतं. प्रॉग मेटल हा वेगळा कप्पा त्यासाठी रास्त आहे. टूलच्या 'लॅटरलस' या गाण्यात शब्दांची अक्षरं फिबोनाची क्रमाने, १, १, २, ३, ५, ८ अशी वाढत जातात, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची सबुरी: एकच आकृती हळूहळू जड करत नेण्याची. रेडिओहेड? १९९७चं 'पॅरानॉइड अँड्रॉइड' वेगवेगळे तुकडे जोडून केलेलं आहे आणि पहिल्यांदा ऐकताना प्रॉगची आठवण होतेच. बँडला मात्र हे नाव कधी रुचलं नाही, आणि एका गाण्यावरून अख्ख्या बँडला कुळाचा दाखला देणं मलाही पटत नाही. आपल्याकडे मुंबईच्या कोशिशने २०१३मध्ये 'फिरदौस' हा हिंदी कन्सेप्ट अल्बम काढला. तो प्रॉगच्या कोणत्याही गंभीर चर्चेत धरायला हवा, पण 'आपलाही एक' या कौतुकापुढे त्या चर्चेत फारसं कोणी जात नाही.

पुढच्या वेळी कोणी 'जेनेसिस प्रॉग आहे का?' असं विचारलं, तर उलट विचारा: कोणत्या साली? कोणता अल्बम? १९७५मध्ये गेब्रिएल गेला, १९७७मध्ये स्टीव्ह हॅकेट गेला, फिल कॉलिन्स ड्रमवरून माइकसमोर आला, आणि १९८६च्या 'इनव्हिजिबल टच'चं शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ते गाणं पॉप आहे, वादच नाही. पण त्याच अल्बमवर 'डॉमिनो' नावाची दोन भागांची दहा मिनिटांहून मोठी रचना आहे. पहिला भाग संथ, हॉटेलच्या खोलीतला, दुसऱ्यात सगळं घरंगळत जातं. 'ऐंशीचा जेनेसिस' म्हणून ज्यांनी तो अल्बम कधी लावलाच नाही, त्यांना ती ठाऊक नसते.